सोन्याच्या मुलखातील धर्मगुरू

आम्ही निघालो तेव्हा वसईत आवणीचे दिवस होते. शेतांत पाणी तुंबलेले, पागोळ्या अखंड गळत होत्या आणि चर्चच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची दाटी झाली होती. अशा दिवसांत आम्ही लोकरीचे कपडे बांधून घेत आहोत हे पाहून आमच्या स्वयंपाकीणबाईंना हसू आवरेना. मेलबर्न शहरी स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या धर्मग्रामस्थांनी आम्हांस पाहुणचारास बोलाविले होते. 'फादर, समुद्र पाहाल की शहर?' असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही बॅलाराट म्हणालो. त्यांना नवल वाटले. परंतु सेमिनरीत असताना कोणत्याशा जाड इतिहासग्रंथात फादर पॅट्रिक स्मिथ हे नाव आम्ही वाचले होते. काही नावे विनाकारण मनात घर करून राहतात, तसे ते राहिले होते.

मेलबर्नहून बॅलाराट सुमारे ११५ किलोमीटर आहे. रस्ता हळूहळू चढत जातो आणि चारशे मीटरांहून अधिक उंचीच्या पठारावर येऊन पोहोचतो. जुलै हा तेथे ऐन हिवाळ्याचा महिना. आमच्याकडील मिठागरांवर पहाटे जी पांढरी झाक दिसते, तशीच झाक कुरणांवर पसरली होती. ते गोठलेले दव होते. वाटेत आमच्या ध्यानी एक गोष्ट आली. युरोपातून आणून रस्त्याच्या कडेला लावलेली झाडे पानगळीने उघडीबोडकी उभी होती. त्यांच्या मागे त्या भूमीचे मूळचे युकॅलिप्टस मात्र भर थंडीत हिरवे होते, आणि त्यांच्या पायथ्याशी आपल्या बाभळीच्या कुळातले वॅटल पिवळ्या कळ्यांनी भरत आले होते. त्या मुलखात कोण पाहुणा व कोण घरचा, हे हिवाळ्यात झाडांवरूनच ओळखावे.

घरचे म्हणजे वाडावुरुंग लोक. बॅलाराट हे नाव त्यांच्याच भाषेतले. कोपरावर टेकून विसावा घेण्याची जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. १८५१ सालच्या ऑगस्ट महिन्यात तेथे सोने सापडले आणि त्या जागेचा विसावा संपला. त्याच वर्षाच्या १ जुलै रोजी व्हिक्टोरिया ही वसाहत न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली होती. तिची लोकसंख्या तेव्हा सुमारे ७७ हजार होती. दहा वर्षांत ती ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. इंग्रज, स्कॉच, आयरिश, जर्मन, इटालियन, अमेरिकन आणि चिनी असे नाना देशांचे लोक तंबू ठोकून बसले. ज्यांच्या भूमीवर हे तंबू पडले, त्यांना कोणी परवानगी विचारली नाही. परवान्याचा प्रश्न पुढे उभा राहिला तो पाहुण्यापाहुण्यांतच.

तो प्रश्न समजून घ्यावयाचा तर बॅलाराटच्या मातीची रीत समजून घ्यावी लागते. आरंभी सोने ओढ्याच्या काठी वरच्यावर मिळे. पसरट थाळीत माती घोळवावी, पाळण्यासारख्या डोलणाऱ्या पेटीत ती धुवावी, की तळाशी कण उरत. ते लवकरच संपले. पुढचे सोने होते प्राचीन नद्यांच्या पात्रांत, आणि ती पात्रे जमिनीखाली खोल गाडली गेली होती. तीस-चाळीस मीटर खोल विहीर खणावी, पाणी उपसावे, बाजूंस लाकडी फळ्यांचा आधार द्यावा, आणि सहा-आठ महिन्यांनी तळ लागल्यावर कळावे की नदी शेजारच्याच्या विहिरीखालून गेली. सरकारचा परवाना मात्र महिन्याच्या हिशेबाने. १८५१ साली त्याची फी महिना ३० शिलिंग ठरली. १८५३ च्या अखेरीस ती कमी झाली, तरी सोने मिळो वा न मिळो, ती भरावीच लागे. परवाना सदैव अंगावर बाळगावा लागे. गुडघाभर चिखलात उतरणारा माणूस कागद तंबूत ठेवून येई आणि पकडला जाई. दंडाच्या रकमेतला अर्धा वाटा पकडून देणाऱ्याला मिळे, त्यामुळे शिपायांना या कामाची गोडी लागली. नवे गव्हर्नर सर चार्ल्स हॉथॅम यांनी १८५४ च्या सप्टेंबरात आठवड्यातून दोनदा तपासणी करण्याचा हुकूम काढला. खाणकरी लोक तिला तपासणी म्हणत नसत, शिकार म्हणत.

अशाच एका शिकारीत, १० ऑक्टोबर १८५४ रोजी, योहान्नेस ग्रेगोरियस नावाचा माणूस सापडला. तो आर्मेनियन होता, शरीराने अपंग होता आणि फादर स्मिथ यांच्याकडे नोकरीस होता. एका आजाऱ्याच्या तंबूपाशी तो असताना शिपायाने त्याच्याकडे परवाना मागितला. आपण खाणकरी नसून धर्मगुरूंचे नोकर आहोत, असे त्याने सांगितले. शिपायाने त्याला आणि धर्मगुरूंना शिव्या दिल्या, मारहाण केली आणि घोडा त्याच्या अंगावर घातला. फादर स्मिथ धावत आले आणि पाच पौंड भरून त्यांनी नोकराला सोडविले. एवढ्यावर प्रकरण मिटले असते. परंतु कचेरीत प्रथम परवाना नसल्याबद्दल त्याला दंड झाला, आणि ज्याला परवान्याची गरजच नव्हती त्याला त्याबद्दल दंड कसा करावा हे ध्यानी आल्यावर आरोप बदलण्यात आला: या अपंगाने म्हणे घोडेस्वार शिपायावर हल्ला केला! दंड तोच, पाच पौंड.

इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेस दोन-तीन ओळी मिळतात. आम्हांस ती मोठी वाटते. धर्मग्रामात ज्याने काही वर्षे काढली आहेत त्याला ठाऊक असते की धर्मगुरूच्या अंगणात झाडू मारणाऱ्या माणसाचा अपमान लोक विसरत नाहीत. कारण तो सर्वांच्या घरचा असतो. निरोप घेऊन तोच येतो, आजाऱ्याच्या दाराशी फादरांची पिशवी धरून तोच उभा राहतो. युरेका या वस्तीत आयरिश कॅथोलिकांची संख्या मोठी होती आणि आपल्या देशात असे कचेरीतले न्याय त्यांनी पाहिलेले होते. २२ ऑक्टोबर रोजी त्यांनी सभा भरवून अधिकाऱ्याच्या बदलीची मागणी केली. तिचा उपयोग झाला नाही.

दरम्यान दुसरी ठिणगी पडलीच होती. योहान्नेसवरील हल्ल्याच्या तीन-चार दिवस आधी जेम्स स्कोबी या स्कॉच खाणकऱ्याचा युरेका हॉटेलजवळ खून झाला. संशय हॉटेलमालक बेंटली याच्यावर होता. स्थानिक न्यायाधीशांशी त्याचे सख्य असल्याने तो सुटला. १७ ऑक्टोबर रोजी संतप्त जमावाने हॉटेल जाळले. ११ नोव्हेंबरला सुधारणा संघ स्थापन झाला आणि मताधिकाराची मागणी पुढे आली. २९ नोव्हेंबरला बेकरी हिलवर प्रचंड सभा भरली, निळ्या कापडावरील पांढऱ्या क्रुसाचे व ताऱ्यांचे निशाण चढले आणि लोकांनी परवान्यांची होळी केली. दुसऱ्या दिवशी सरकारने मुद्दाम पुन्हा शिकार काढली. त्या सायंकाळी पीटर लेलर या सत्तावीस वर्षांच्या आयरिश तरुणाने निशाणाखाली गुडघे टेकून लोकांना शपथ दिली, आणि सुमारे एक एकर जागेभोवती लाकडे व गाड्या रचून कुंपण उभे राहिले.

या धामधुमीत धर्मगुरूने काय करावे? आमची सारी यात्रा या एका प्रश्नासाठी होती, असे आम्हांस आता वाटते. ३० नोव्हेंबरच्या रात्री फादर स्मिथ, जॉर्ज ब्लॅक आणि राफाएल्लो कार्बोनी हा इटालियन, असे तिघे कमिशनर रीड यांच्याकडे गेले व तपासण्या थांबवा अशी त्यांनी विनंती केली. कमिशनरांनी ती फेटाळली. शनिवारी, २ डिसेंबर रोजी, फादर स्मिथ कुंपणाच्या आत गेले. कार्बोनी याने पुढच्याच वर्षी लिहिलेल्या पुस्तकात ती भेट नोंदविली आहे. सरकारी छावणीत सात-आठशे लोक शस्त्रसज्ज आहेत, मेलबर्नहून आणखी कुमक येत आहे, व्यर्थ रक्त सांडू नका, तुम्ही ख्रिस्ती आहात, असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले आणि उद्या सकाळी सर्वांना मिस्सेला पाहण्याची इच्छा प्रकट केली.

येथे आम्हांस थांबावे लागते. पंचवीसएक वर्षांपूर्वी, आम्ही नवखे असताना, एका गावी विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेण्यावरून लोक पेटले होते. अर्ज देऊन झाले होते. ज्या कचेरीत ते दिले तेथे त्यांवर धूळ बसली होती. एका शनिवारी रात्री तरुण मंडळी काठ्या घेऊन रस्ता अडवावयास निघाली. आम्ही त्यांना विनविले की उद्या मिस्सेनंतर सर्व मिळून जाऊ. निम्मे थांबले, निम्मे गेले. जे गेले त्यांना मार बसला. रुग्णालयात एकाने आम्हांस विचारले, 'फादर, तुम्ही कुठे होता?' आम्ही शांततेचा उपदेश केला यात चूक नव्हती, असे आम्ही आजही म्हणू. परंतु त्याच्या डोक्याला सात टाके होते आणि आमच्या डोक्याला एकही नव्हता. फादर स्मिथ यांच्या त्या शनिवारच्या भेटीविषयी वाचताना आम्हांस ते टाके आठवतात.

रविवार, ३ डिसेंबर. रविवारी सरकार हल्ला करणार नाही अशी अनेकांची समजूत होती. कुंपणात दीडशेच्या आतबाहेर माणसे उरली होती. उजाडण्यापूर्वी सुमारे पावणेतीनशे सैनिक व पोलीस चालून आले. लढाई पंधरा-वीस मिनिटे चालली असेल. मारले गेलेल्यांपैकी निदान बावीस खाणकऱ्यांची नोंद लेलर याने केली. सैनिकांपैकी पाच-सहा जण दगावले. जखमींना भोसकले गेले, तंबू पेटविले गेले. क्लेअर राइट या इतिहासकार बाईंनी २०१३ साली ग्रंथ लिहून दाखविले की त्या तंबूंत स्त्रिया व मुलेही होती आणि मृतांत स्त्रीचीही गणना करावी लागते. आदल्या दिवशी मिस्सेचे आमंत्रण देऊन गेलेले फादर स्मिथ त्या पहाटे मरणाऱ्यांना अखेरचे संस्कार देत फिरले.

खांद्यात गोळी लागलेल्या लेलरला साथीदारांनी फळ्यांखाली दडविले होते. पुढे त्याला फादर स्मिथ यांच्या निवासस्थानी आणण्यात आले आणि तेथेच डॉक्टरांनी त्याचा डावा हात कापला. त्याच्या डोक्यावर दोनशे पौंडांचे इनाम लागले होते. त्या दाराशी कोण आले होते आणि कोण गेले, हे कोणी पोलिसांस सांगितले नाही. राजद्रोहाच्या आरोपाखाली तेरा जणांवर मेलबर्नला खटले झाले. १८५५ च्या आरंभी ज्यूरीने एकेकाला निर्दोष सोडले. त्याच वर्षी परवाना रद्द होऊन वर्षाला एक पौंड फीचा 'मायनर्स राइट' आला आणि त्याबरोबर मताचा अधिकार. आजही त्या राज्यात हौसेखातर सोने शोधणाऱ्याला तो घ्यावा लागतो. आमच्या यजमानांच्या पाकिटात तो निघाला! सुट्टीच्या दिवशी ते मुलांना घेऊन यंत्राने जमीन चाचपीत हिंडतात. आजवर त्यांना घोड्याचे नाल पुष्कळ मिळाले.

ते निशाण बॅलाराटला जपून ठेवले आहे. लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेल्यामुळे ते एका बाजूने कुरतडल्यासारखे दिसते. आम्ही ते पाहिले आणि मग सेंट अलिपियस चर्चकडे गेलो. फादर स्मिथ यांचे धर्मग्राम ते हेच. त्यांचे तंबूवजा प्रार्थनास्थळ जाऊन तेथे भक्कम इमारत उभी राहिली त्यास शतक उलटून गेले आहे. चर्चच्या आवारात वारा बोचरा होता. आमचे यजमान शेजारच्या शाळेच्या कुंपणापाशी जाऊन गप्प उभे राहिले, तेव्हा आम्हांस कळले की त्यांना काही सांगावयाचे आहे आणि धर्मगुरूला ते कसे सांगावे हा त्यांना संकोच आहे.

आम्हांस ते ठाऊक होते. १९७० च्या दशकात या शाळेतील लहान मुलांवर तेथील ब्रदरांनी व धर्मगुरूने लैंगिक अत्याचार केले. धर्मप्रांताच्या वरिष्ठांनी दोषी धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलविले, आणि तेथेही मुले होती. ऑस्ट्रेलियाच्या राजकीय चौकशी आयोगाने २०१५ साली बॅलाराटमध्ये साक्षी घेतल्या आणि २०१७ साली आपले निष्कर्ष दिले. साक्षी चालू असताना लोकांनी या कुंपणाला रंगीबेरंगी फिती बांधल्या. जी मुले बोलू शकली नाहीत त्यांच्या वतीने कुंपणाने बोलावे, अशी त्यामागील भावना होती. तेथून ही रीत देशोदेशी गेली. ज्या धर्मग्रामाने एका जखमीला सरकारी शिपायांपासून लपविले, त्याच धर्मग्रामात सव्वाशे वर्षांनी दोषींना कायद्यापासून लपविले गेले. दार तेच होते, लपविण्याची कला तीच होती. आम्ही झग्यात नव्हतो, साध्या लोकरी कोटात होतो. त्या क्षणी त्याबद्दल आम्हांस हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी उत्तरेस निघालो. क्रेझविक गावी १२ डिसेंबर १८८२ रोजी जुन्या खाणीचे पाणी नव्या खाणीत फुटून बावीस कामगार बुडाले. पाणी चढत असता त्यांनी घरच्यांसाठी आपल्या चहाच्या डब्यांवर निरोप कोरले. तोपर्यंत एकट्यादुकट्याच्या विहिरी जाऊन कंपन्या आल्या होत्या, आणि थाळी घेऊन आलेला माणूस मजूर झाला होता.

पुढे क्लून्स लागते. रुंद रस्ता, दगडी दुकाने, धुके आणि एक कुत्रे, एवढेच आम्हांस त्या सकाळी दिसले. याच गावात १८७३ साली लोथेअर खाणीच्या कामगारांनी संप केला होता, आणि कंपनीने संप मोडण्यासाठी चिनी मजूर गाड्यांतून आणण्याचा घाट घातला. गावातील बायकापुरुषांनी रस्ता अडविला, दगड मारले, गाड्या परत गेल्या. कंपनीच्या संचालकांत एक हात नसलेले सद्गृहस्थ होते. त्यांचे नाव पीटर लेलर. ते १८५५ मध्येच विधिमंडळात निवडून आले होते आणि पुढे १८८० ते १८८७ सभापतीही झाले. ही गोष्ट सांगताना लोक हसतात. आम्हांस हसू आले नाही. कुंपणाच्या आत असताना माणसाला जे दिसते ते खुर्चीवरून दिसत नाही, हे आम्हां धर्मगुरूंस दुसऱ्याने सांगावयास नको.

आणि त्या गाड्यांतले चिनी? त्यांच्या बाजूने कोणतेच निशाण उभे राहिले नाही. युरेकाच्या पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, व्हिक्टोरियाने प्रत्येक चिनी माणसामागे दहा पौंड कर बसविला आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी आणता येईल असे बंधन घातले. मग जहाजे शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात लागू लागली. १८५६ ते १८५८ या काळात सुमारे सोळा हजार चिनी तेथे उतरले आणि खांद्यावर कावड घेऊन चारशे किलोमीटरांहून अधिक वाट चालत सोन्याच्या मुलखात आले. १८५७ साली अशाच एका तांड्याला वाटेत पाणी शोधताना सोने सापडले. अरारात गाव त्यातून वसले. त्याच वर्षी ४ जुलै रोजी बकलंड नदीकाठी गोऱ्या खाणकऱ्यांनी चिनी वस्ती लुटून जाळली. तेही दिवस असेच थंडीचे होते. परवान्याच्या जुलमाविरुद्ध लढणारे आणि ही वस्ती जाळणारे यांत फार अंतर नव्हते. तीन वर्षांचे होते.

मोलियागुल येथे आम्ही गाडीतून उतरलो ते यजमानांच्या मुलांच्या आग्रहास्तव. १८६९ साली ५ फेब्रुवारीस जॉन डीसन व रिचर्ड ओट्स यांना तेथे झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली बोटभरसुद्धा नसेल एवढ्या खोलीवर, सत्तर किलोंहून जड सोन्याचा गोळा मिळाला. डनॉलीच्या बँकेत एवढा मोठा तराजू नव्हता, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर तो फोडावा लागला. भोवती काळ्या सालीची झाडे आणि खड्डे. खड्ड्यांत पावसाचे पाणी, त्यावर बर्फाची पापुद्र्यासारखी साय. तेथून उत्तरपूर्वेचा सारा प्रदेश जा जा वुरुंग लोकांचा. २०१३ साली राज्यसरकारने त्यांच्याशी करार करून त्यांचे परंपरागत धनीपण मान्य केले. खाणींनी पोखरलेल्या या भूमीला ते 'उलथी भूमी' म्हणतात. त्या खड्ड्यांच्या काठावर उभे राहिले की याहून नेमका शब्द सुचत नाही.

सायंकाळी बेंडिगो गाठले. तेथील सेक्रेड हार्ट कॅथीड्रल दुरूनच दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरंभलेले हे काम १९७७ साली पुरे झाले. त्याच्या मुळाशी डॉक्टर हेन्री बॅकहाउस हे जर्मन धर्मगुरू आहेत. पाडरबोर्न येथे जन्म, रोमला शिक्षण, १८३६ साली गुरुदीक्षा, आणि मग बंगालमध्ये अनेक वर्षे मिशनकार्य. आपल्या देशाच्या उन्हाने प्रकृती ढासळली म्हणून ते ऑस्ट्रेलियास गेले आणि १८५२ साली बेंडिगोच्या तंबूंत पहिले धर्मगुरू म्हणून येऊन राहिले. ते सोन्याच्या मागे लागले नाहीत, त्यांनी जमिनी घेतल्या. खाणकऱ्यांच्या वस्तीत जागेचे मोल चढणार हे त्यांनी ओळखले, भाडी जमविली आणि १८८२ साली मृत्यू आला तेव्हा सारी मिळकत ख्रिस्तसभेसाठी ठेवली. एवढे भव्य मंदिर त्या भाड्यांवर उभे आहे. यात दोष काढावा असे आम्हांस वाटत नाही. आमच्याही चर्चच्या छपराचा हिशेब आम्हीच ठेवतो. तरीही फादर स्मिथ यांच्या स्मरणार्थ असे शिखर कोठे नाही, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

याच गावात १८७१ पासून ईस्टरला जत्रा भरते. रुग्णालयासाठी पैसे जमवावे म्हणून ती सुरू झाली आणि ज्यांच्यावर कर बसविला होता ते चिनी लोक काही वर्षांतच तिच्यात आपल्या मिरवणुकीसह सामील झाले. आजही तेथे ईस्टरच्या दिवसांत कागदी-रेशमी ड्रॅगन रस्त्याने नाचत जातो.

सकाळची मिस्सा आम्ही तेथील धर्मगुरूंबरोबर अर्पण केली. मंदिर थंडगार होते, मंडळी पंधरा-वीस, त्यांत केरळच्या दोन परिचारिका रात्रपाळी संपवून आलेल्या. मृतांच्या स्मरणाच्या वेळी क्षणभर शांतता असते. त्या क्षणात आम्ही योहान्नेसचे नाव घेतले, आमच्या भाषेत, योहान म्हणून. मिस्सा संपवून बाहेर आलो तेव्हा यजमान गाडीच्या काचेवरचा बर्फ एका जुन्या कार्डाने खरवडीत होते.